घरचे मार्क, परीक्षेचे मार्क

मला दोन प्रकारचे मार्क पडत. घरी सोडवलेल्या सराव पेपरात दोनशेपैकी एकशे अडुसष्ट, एकशे सत्तर, एखाद्या दिवशी एकशे चौऱ्याहत्तरसुद्धा. आणि क्लासच्या रविवारच्या परीक्षेत एकशे एकतीस. अभ्यास तोच, डोकं तेच, पेनसुद्धा तेच, कारण पेन बदललं की मार्क जातात असा माझा पक्का समज होता. तरी मधे ही एवढी मोठी दरी. या दोन मुलींपैकी खरी मी कोणती हे मला कुणी सांगेना, आणि मेडिकलची सीईटी तर जवळ येत चालली होती.

त्यात हे माझं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षीही घरी असेच घसघशीत मार्क पडायचे. त्यांच्या जोरावर आईनं आमच्या भिवंडीतल्या अख्ख्या कामतघरात सांगून ठेवलं होतं की आमची पोर डॉक्टर होणार. शेजारची एक म्हातारी तर मला आपला गुडघा दाखवून गेली होती. मग खरी परीक्षा झाली, निकाल लागला, आणि आकडा आला तो क्लासच्या रविवारसारखा. सरकारी कॉलेज हुकलं. खासगी कॉलेजचं नाव आमच्या घरात कोणी काढलंच नाही. बीएस्सीला न जाता वर्षभर घरी बसून पुन्हा सीईटी द्यायची असं ठरलं; ठरलं म्हणजे मी रडून ठरवून घेतलं. बाबा एवढंच म्हणाले, "एक वरीस. मंग न्हाय." बाबा एकदा बोलले की त्यावर घासाघीस नसे.

बाबांचा बारा लूमचा कारखाना होता. आमची मूळची शेती जवळच्या पूर्णा गावाकडं. पुढं काकांनी आपला हिस्सा गोदामांना दिला, बाबांनी आपला विकून कामतघरात लूम टाकले. काका आता एसी गाडीत फिरतात, हे आई दिवसातून एकदा तरी कारण नसताना सांगायची. कारखान्याची पत्र्याची शेड आणि तिला चिकटून आमचं घर. वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीची एक खिडकी थेट शेडमध्ये उघडायची. तिला आम्ही चहाची खिडकी म्हणायचो, कारण आई तिथून दोरीला किटली बांधून कारीगरांचा चहा खाली सोडायची. माझं अभ्यासाचं टेबल त्या खिडकीशी होतं. खाली समोरच बाबांचं टेबल. लूमवरून उतरलेलं कापड तिथं उलगडून ते त्यातले डाग आणि तुटलेले धागे शोधत बसायचे. मान वर केली की त्यांना मी दिसायची, मान खाली केली की मला ते.

लूम चालू असताना कारखान्यात आवाजानं कोणी बोलत नाही, कारण ऐकूच येत नाही. ओठ हलवायचे, हातानं दाखवायचं, समोरचा तेवढ्यावर समजतो. उत्तरेकडून आलेले कारीगर आणि बाबा दिवसभर असे बिनआवाजाचं हिंदी बोलायचे. घरात मात्र उलटं. भिंतीपलीकडं बारा लूम धडधडत असताना साधं मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं, म्हणून आमच्याकडं सगळेच ओरडून बोलायचे, आणि नवा पाहुणा दारातच थबकायचा, आत भांडण चाललंय असं समजून. बाबांचे कान तर लूमनी केव्हाच खाल्ले होते. त्यांच्याशी बोलायचं तर तोंड त्यांच्याकडं करून बोलायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. पाठमोऱ्या बाबांना हाक मारण्यात अर्थ नव्हता.

तर माझ्या दोन प्रकारच्या मार्कांचा प्रत्येकानं आपापला अर्थ लावला. आईचं निदान सोपं होतं. "नजर लागली हाय. गावभर सांगितला तो चुकला माजा." मग तिनं मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. पुढच्या रविवारी पुन्हा एकशे तीसच्या आतबाहेर आल्यावर तिनं उत्तरपत्रिकेचीही काढली. एसटी स्टँडजवळच्या आमच्या क्लासचे सर जास्त विद्वान होते. त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात एकशे पासष्ट असा आकडा लिहून त्याखाली रेघ मारली होती, आणि ती रेघ वर्षभर पुसायची नाही अशी फळा पुसणाऱ्याला ताकीद होती. रेघेच्या वर असाल तर सरकारी कॉलेजचं बोला, खाली असाल तर आधी अभ्यासाचं बोला. माझे घरचे मार्क ऐकून ते सगळ्या वर्गासमोर हसले. "घरचे मार्क म्हणजे घरच्या अंगणातलं क्रिकेट. बॅट तुझी, बॉल तुझा, आऊट देणार कोण?"

म्हणजे मी उत्तरं बघून लिहिते, असं त्यांना म्हणायचं होतं. मला एवढा संताप आला की त्या दिवशी मी रिक्षा न करता क्लासपासून घरापर्यंत पाय आपटत चालत आले. पण संताप ओसरल्यावर शंका उरली. बघत असेन का मी? पेपर सोडवण्याआधी उत्तरांच्या पानावरून नकळत डोळे फिरत असतील का? मी उत्तरांची पानं फाडून आईकडं दिली आणि कपाटात कुलूपबंद करायला लावली. घड्याळही तिच्याकडं दिलं. वेळ संपली की तिनं पेपर हिसकावून घ्यायचा. आईनं हे काम फारच मनावर घेतलं. शेवटचा गोल काळा करत असतानाच तिनं कागद ओढला आणि तो टरकन फाटला. तरी मार्क आले एकशे एकोणसत्तर. त्याच आठवड्यातल्या रविवारी क्लासमध्ये, एकशे अठ्ठावीस.

आता तर मला घाबरायलाच झालं. लबाडी असती तर बरं झालं असतं, ती सोडता आली असती. मी लबाड नव्हते, मठ्ठ नव्हते, आळशीही नव्हते. तरी परीक्षेच्या बाकावर बसलं की माझ्यातले चाळीस मार्क कुठंतरी गळून जात होते, आणि गेल्या वर्षी गेले तसेच यंदाही जाणार होते. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी हा माझा जीव की प्राण. ती समोर आली तरी घास फिरायला लागला. केस विंचरले की कंगवाभर केस यायचे. मी ते गुपचूप कागदात गुंडाळून टाकायची, नाहीतर आईनं त्यांचीही दृष्ट काढली असती.

उलगडा झाला तो लाइट गेल्यामुळं. त्या दिवसांत भिवंडीत लोडशेडिंगचा सुळसुळाट होता. एरवी लाइट ठरलेल्या वेळी जायची, तेव्हा मी पेपर घ्यायचेच नाही. लूम बंद पडले की कारीगर बाहेर येऊन बसायचे, तंबाखू मळत गप्पा चालायच्या. तो वेळ मी वाचनाला ठेवलेला. त्या दिवशी दुपारी मात्र लाइट अवेळी गेली. मी पेपरच्या मध्यावर, जीवशास्त्रात होते. सगळे लूम एका दमात थांबले, शेजारच्या गाळ्यांतलेही थांबले. आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत एक बाई मानवी प्रजननसंस्थेवरचा प्रश्न ठणाणा ओरडून इंग्रजीत वाचत होती. चारही पर्यायांसकट. ती मी होते.

खाली सगळे कारीगर तोंड वर करून खिडकीकडं बघत होते. त्यातला सगळ्यात वयस्कर म्हणाला, "पढ़ो पढ़ो बिटिया, हम लोग भी पास हो जाएँगे." शेडमध्ये हशा पिकला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई जिना चढून आली ती हसू दाबतच. मी म्हटलं, "मी मोठ्यानं वाचत होते?"

"म्हंजे? रोजच वाचतेस की," आई म्हणाली. "मशीन चालू झाली का तू पन चालू. मना वाटला क्लासमदी तसाच शिकवतात."

मला खरोखर ठाऊक नव्हतं. आपल्या घरातल्या आवाजात आपला आवाज कसा ऐकू येणार? उरलेला पेपर मी शरमेनं तोंड घट्ट मिटून सोडवला. मग लगेच तपासायला घेतला. लाइट जाईपर्यंतच्या प्रश्नांत चुका अगदी तुरळक, आणि त्यानंतर जी रांग लागली ती शेवटपर्यंत. चुकाही कशा, तर येत असलेल्या. 'यातलं चुकीचं विधान कोणतं' असं विचारलेलं, आणि मी बरोबर विधानावर खूण केलेली. 'हे सोडून' म्हटलेलं, आणि मी नेमकं तेच धरलेलं.

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत होते. इंग्रजी अकरावीत एकदम अंगावर आलं. त्या वाक्यांवरून माझे डोळे घाईत पुढं जायचे, मधला छोटासा 'नॉट' ओलांडून. कान मात्र सावकाश चालायचे. मोठ्यानं वाचलं की तो 'नॉट' कानावर आपटायचा आणि मी थांबायची. लूमच्या आवाजाच्या आडोशानं मी दोन वर्षं कानांनी पेपर सोडवत होते. परीक्षेत मात्र फक्त डोळे घेऊन जात होते.

खात्री करायला मी शुक्रवारची वाट पाहिली. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात, सुटीच असते. शांततेचा दिवस म्हणून मी शुक्रवारी नेहमी उजळणी करायचे. पेपर कधी सोडवलाच नव्हता. त्या शुक्रवारी सोडवला, तोंड मिटून. एकशे तेहतीस. चला, म्हणजे रविवारची मुलगी खरी. घरची मुलगी लूमच्या जोरावर उड्या मारत होती. कारण सापडल्याचा आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. मी उशीत तोंड खुपसून रडले. परीक्षेच्या हॉलमध्ये लूम कुठून आणणार होते मी?

सरांनी हा शोध ऐकून घेतला आणि म्हणाले, "मग बोर्डाला अर्ज करू या का, हॉलमध्ये चार लूम लावा म्हणून?" वर्ग खिदळला. सर मनानं वाईट नव्हते, पण विनोद हातचा जाऊ द्यायचा नाही असा त्यांचा बाणा होता. हसून झाल्यावर ते गंभीरपणे म्हणाले की आता शांतपणे वाचायची सवय कर, दुसरा इलाज नाही. इलाज नाही हे मलाही कळत होतं. सवय कशी करायची हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ते मला चहाच्या खिडकीतून सुचलं. खाली बाबा आणि तो वयस्कर कारीगर काहीतरी बोलत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि दोघांचं कुठं काही अडत नव्हतं. मी प्रश्नपत्रिका उघडली आणि एक प्रश्न तसाच वाचला: प्रत्येक शब्दाला ओठ पूर्ण हलवून, पण घशातून सूर न काढता. 'नॉट' आला तेव्हा जीभ टाळ्याला लागली आणि मी थांबले. ऐकू काही आलं नव्हतं, तरी तो शब्द तोंडाला कळला होता.

मग रोज तेच. पहिले पेपर भयंकर गेले. ओठ हलवण्यात वेळ जायचा आणि शेवटचे वीस-पंचवीस प्रश्न कोरे राहायचे. एकशे एकोणीस आले तेव्हा सरांनी उत्तरपत्रिकेवर लाल शाईनं नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. मग एकशे अडतीस झाले, एकशे सत्तेचाळीस झाले. घरचे आणि क्लासचे मार्क हळूहळू एकमेकांजवळ येऊ लागले, घरचे उतरून आणि क्लासचे चढून. एकशे छप्पनला ते भेटले आणि तिथंच बसले. पुढचा रविवार एकशे चोपन्न. त्याच्या पुढचा एकशे सत्तावन्न. रेघ एकशे पासष्टवर. फळ्याच्या त्या कोपऱ्याकडं बघायचं नाही असं ठरवून मी वर्गात शिरायची आणि आधी तिथंच बघायची.

आता मार्क खरे होते, आणि तीच तर भीती होती. पूर्वी निदान मनाची समजूत काढता यायची की काहीतरी गफलत आहे. आता गफलत नव्हती. मी एकशे छप्पनची मुलगी होते, रेघेच्या खालची. हे वर्ष गेलं की 'मंग न्हाय' होतं.

या दिवसांत ओठांना एक वाईट खोड लागली. एकदा हलायला शिकले ते थांबेनात. प्रश्न वाचून झाला, उत्तर येत नाही असं दिसलं, की ते आपले आपण मराठीत बोलायचे. "गेलं. हेही गेलं." पुढचा प्रश्न. मग पुन्हा, "नाही होणार माझ्याच्यानं." दहा प्रश्न झाले की हे एकदा यायचंच, आणि त्यानंतरचा येत असलेला प्रश्नही हातचा जायचा. कधीकधी पेपर बाजूला ठेवून मी नुसतीच तसं बोलत बसायची. "यंदाही नाही होणार. तोंड कुठं लपवू? बाबांना काय सांगू?" आवाज नव्हता, त्यामुळं आईला कळण्याचा प्रश्न नव्हता. कोणाला न सांगता सांगितल्यासारखं व्हायचं आणि जरा मोकळं वाटायचं.

एक दिवस मी टेबलाशी येऊन बसले आणि खाली बघितलं, तर बाबांचं टेबल फिरवलेलं. आता ते भिंतीकडं तोंड करून बसले होते, माझ्याकडं पाठ. आधी त्यांच्या समोरून उजेड यायचा. आता मागून येत होता आणि कापडावर त्यांचीच सावली पडत होती. वयस्कर कारीगरानं हातानं खुणावून विचारलं, उजेड तर तिकडून येतो, सेठ, इकडं कशाला? बाबांनी हात झटकला आणि कापड उलगडायला घेतलं. मी दोन-तीन वेळा खाली पाहिलं. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

मी आईला विचारलं, "बाबांनी टेबल का फिरवलं?"

"गरमी हाय. पंखा तिकरं हाय," आई माझ्याकडं न बघता म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

पंखा दोन्हीकडं सारखाच होता. दोन वर्षं मार्कांचे अर्थ लावून लावून मला कशाचाही अर्थ लावायची सवय झाली होती, आणि हा अर्थ तर उघड होता. बाबांनी आशा सोडली होती. रोज समोर बसलेली नापास मुलगी बघवत नव्हती त्यांना. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. अजून परीक्षा व्हायची आहे, आणि माणूस आत्ताच पाठ फिरवून मोकळा? त्या रात्री जेवताना बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस काय पोटभर?" मी मान खाली घालून उत्तर दिलं. म्हणजे त्यांना ते कळणार नाही असं दिलं. हे मी मुद्दाम केलं.

परीक्षेचं केंद्र ठाण्याच्या एका शाळेत आलं. सकाळी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि स्कूटर काढली. आईनं हातावर दही-साखर ठेवली आणि शेवटची एकदा मीठ-मोहरी ओवाळली. रस्ताभर मी बाबांच्या पाठीकडं बघत होते. त्या पाठीची आता सवय झाली होती.

हॉलमध्ये माझी जागा मधल्या रांगेत होती. पेपर हातात आला आणि सगळीकडं अशी शांतता पसरली की पानं उलटल्याचे आवाजही मोठे वाटावेत. मी ओठ हलवायला सुरुवात केली. भौतिकशास्त्राची दोन-तीन पानं झाली असतील नसतील, इतक्यात पर्यवेक्षक बाई माझ्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. "कोणाशी बोलतेस?"

मी म्हटलं, "कोणाशी नाही मॅडम. वाचतेय."

"मघापासून बघतेय मी. पुढच्या मुलीला सांगतेस का काही?" पुढची मुलगी दचकून मागं वळली, त्यामुळं तर बाईंना पुरावाच मिळाला. "पुन्हा तोंड हललं तर पेपर काढून घेईन."

दोन वर्षांत मी हजार गोष्टींना घाबरले होते, पण ही एक त्यात नव्हती. मी ओठ मिटले आणि पुढचा प्रश्न डोळ्यांनी वाचला. मग परत वाचला. अक्षरं नुसती सरकत होती. घड्याळ चाललं होतं. इथं बसून गेल्या वर्षीचे मार्क परत आणायचे की बाई पेपर काढून घेईपर्यंत लढायचं? तेवढ्यात मला खरोखरच शिंक आली, मी रुमाल काढून नाकाला लावला, आणि तो तिथंच राहू दिला. रुमालाआड ओठ हलायला लागले. बाई दोनदा येऊन गेल्या. मी दोन्ही वेळा शिंकले. शेवटपर्यंत एका हातात रुमाल आणि एका हातात पेन, असा मी तो पेपर सोडवला. घामानं रुमाल भिजून ओठांना चिकटत होता.

निकालात मी सरांच्या रेघेच्या सहा गुण वर होते. सरकारी कॉलेज मिळालं आणि पुढचं सगळं त्यातून झालं. पण ते पुढं, आणि त्या दुपारी मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी मी नुसतीच शाळेच्या फाटकातून बाहेर आले. बाईंच्या भानगडीत किती मिनिटं गेली, किती प्रश्न घाईत उरकले, याचीच उजळणी डोक्यात चालू होती.

फाटकाबाहेर आईबापांची ही गर्दी. जो तो आपल्या पोराला ओढून विचारत होता, किती येतील, किती येतील. बाबा गर्दीपासून लांब स्कूटरशी उभे होते. मी जवळ गेल्यावर त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली, मी पाणी पिईपर्यंत थांबले, आणि माझ्या तोंडाकडं बघत विचारलं, "आज पन बोललीस काय तसा?"

"काय बोलले?"

"न्हाय होनार माझ्याच्यानं. बाबांना काय सांगू. तसा."

बाटली माझ्या हातातच राहिली. मी म्हटलं, "तुम्हाला कसं... मी तर आवाजसुद्धा..."

"अगो, उभा जल्म लूममदी गेला माजा," बाबा म्हणाले. "तुजा इंग्लिस न्हाय समजत मना. पन मदी मदी मराठी यायचा ना, तो समजायचा." त्यांनी नजर काढून घेतली आणि स्कूटरच्या सीटवरची नसलेली धूळ हातानं पुसली. "पयल्यांदा वाटला, वर जाऊन सांगावा, नको गो बोलू असा. मंग वाटला, तुना कळला का बापाला दिसतं, तर ताही बंद करशील. मनातला कुठं बोलशील मंग? म्हून टेबल फिरवला."

एवढे दिवस मी त्या पाठीला शिव्या दिल्या होत्या. जेवताना मान खाली घालून उत्तरं दिली होती. स्वतःच्या सावलीत कापड तपासून त्यांचे डोळे दुखत असतील, हे एकदाही मनात आलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. हॉलमध्ये, रुमालाआड, मी ते वाक्य बोलले होते का? नव्हते. बाईंशी लढण्यात ते राहूनच गेलं होतं.

"नाही," मी म्हटलं, त्यांच्याकडं तोंड करून. "आज नाही बोलले."

"मंग झाला," बाबा म्हणाले. किती येतील, हे त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी किक मारली. मी मागं बसले. आता पुन्हा त्यांची पाठ, आता काही सांगायचं तर भिवंडीला पोचल्यावरच, असं माझ्या मनात आलं न आलं तोच बाबांनी हँडलवरचा आरसा धरला आणि रस्त्यावरून वळवून माझ्या तोंडावर आणला. आरशात त्यांचे डोळे दिसत होते. त्यांनी हनुवटीनं खुणावलं, बोल.

सुरुवात कुठून करायची ते मला कळेना. बाई सांगाव्या, रुमाल सांगावा, की रसायनशास्त्रातली ती दोन गणितं सांगावी? ठाणं मागं पडलं, कशेळीचा पूल आला, समोरून भिवंडीचे कापडानं भरलेले टेम्पो यायला लागले. मी आरशात बघितलं आणि आवाज न काढता ओठ हलवले. "बाबा, मला भीती वाटायची. खूप भीती वाटायची."

"म्हाईत हाय मना," बाबा म्हणाले, आमच्या घरात बोलतात तसं, पुलावरच्या सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.